सरकारी काम, सहा महिने थांब : विलंब, लाच आणि सुशासन

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव मोठं आहे, "सुशासन आणि समाजातील भ्रष्टाचार". असा विषय आला की आपण लगेच मोठमोठ्या घोटाळ्यांकडे जातो. आकडे ऐकतो, हळहळतो, घरी जातो. मी आज तिकडे जाणार नाही. मी सुरुवात करणार आहे आपल्या सगळ्यांना पाठ असलेल्या एका म्हणीपासून. "सरकारी काम, सहा महिने थांब."

ही म्हण नीट ऐका. तिच्यात लाच हा शब्दच नाही. तिच्यात फक्त "थांब" आहे. आणि माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपल्या रोजच्या जगण्यातला बहुतेक भ्रष्टाचार या "थांब"मधून जन्माला येतो. कार्यालयात विकली जाते ती सेवा नव्हे, ती आपल्या हक्काचीच असते. विकला जातो तो विलंब. आधी थांबवायचं आणि मग न थांबवण्याचे पैसे घ्यायचे.

हे आजचं निरीक्षण नाही. केंद्र सरकारने 1962 मध्ये संथानम समिती नेमली होती. तिच्या शिफारशीवरूनच 1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. त्या समितीने "स्पीड मनी" या प्रकाराची दखल घेतली होती. तिचा मुद्दा असा, की लोक नियमाबाहेरचं काम करून घ्यायला नव्हे, तर काम लवकर व्हावं म्हणून पैसे देतात. आणि याच सवयीमुळे पैसे मिळेपर्यंत फाइल हलवायची नाही, अशी रीत पडते. म्हणजे वेगासाठी दिलेला पैसा वेग आणत नाही, तो उशीर तयार करतो. आपण "चहापाणी" देऊन आपलं काम उरकतो, तेव्हा आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा उशीर आपण विकत घेऊन ठेवलेला असतो.

एका नोंदीची गोष्ट

आता उदाहरण घेऊ. समजा, एका गावात एका बाईचा नवरा वारला. दोन एकर जमीन, दोन मुलं. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं. आता या बाईला पीककर्ज हवं, तर सातबाऱ्यावर नाव हवं. पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई, किसान सन्मान निधी, सगळीकडे तोच प्रश्न. नाव लागेपर्यंत ती जमीन कसते, पण कागदावर ती कोणीच नाही.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. तिच्या कलम 149 प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. (2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम "ग्राम महसूल अधिकारी" झालं, पण आपण गावच्या सवयीने तलाठीच म्हणू.) मग वारस नोंदवहीत नोंद, चौकशी, फेरफाराची नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. झालं. यात गुंतागुंतीचं काही नाही.

मग अडतं कुठे? कोणी "नाही" म्हणत नाही. "नाही" म्हटलं तर कारण द्यावं लागतं, आणि कारणाविरुद्ध अपील करता येतं. इथे म्हणतात, "साहेब मीटिंगला गेलेत." "सर्व्हर डाऊन आहे." "मृत्यूचा दाखला आणला, पण प्रतिज्ञापत्र या नमुन्यात नाही." "सोमवारी या." प्रत्येक वाक्य एकेकटं खरं असू शकतं. पण अशी सहा वाक्यं म्हणजे सहा फेऱ्या, सहा दिवसांची मजुरी बुडाली, सहा वेळा एसटीचं भाडं. मग दाराबाहेरचा कोणीतरी हळूच म्हणतो, "काकू, थोडं वजन ठेवा, होऊन जाईल."

इथे लक्षात घ्या, वजन ठेवणं त्या बाईला परवडतं म्हणून ती ठेवत नाही. न ठेवणं परवडत नाही म्हणून ठेवते. शहरातल्या पगारदार माणसाला विलंब म्हणजे वैताग असतो. तिच्यासाठी विलंब म्हणजे पेरणीच्या वेळी कर्ज न मिळणं आणि सावकाराच्या दारात जाणं. एकाच रकमेची लाच सगळ्यांना सारखी लागत नाही.

माणूस वाईट की रचना वाईट?

आपण चटकन म्हणतो, "माणसंच बिघडली." पण माणसं कधी धुतल्या तांदळासारखी होती? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून सांगितले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही राज्यकर्त्याने गृहीत धरलं होतं की संधी असेल तिथे हात जाणार. प्रश्न संधीचा आहे.

रॉबर्ट क्लिटगार्ड या अर्थतज्ज्ञाने 1988 च्या आपल्या पुस्तकात हे एका सूत्रात बसवलं. भ्रष्टाचार म्हणजे मक्तेदारी, अधिक मनमानी निर्णयाचा अधिकार, वजा जबाबदेही. आपल्या उदाहरणाला लावून बघा. मक्तेदारी : नोंद करणारा माणूस गावात एकच, दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. मनमानी : कुठला अर्ज आज घ्यायचा आणि कुठला महिन्याने, हे त्याच्या मर्जीवर. जबाबदेही : उशीर झाला तर त्याला विचारणारं कोणी नाही. तिन्ही गोष्टी जुळल्या की साधा, घरी भला असलेला माणूससुद्धा हळूहळू वरकमाईला लागतो.

मग सुशासन म्हणजे काय? देवमाणूस शोधून खुर्चीत बसवणं नव्हे. या तीन गोष्टींपैकी जिथे हात घालता येईल तिथे घालणं.

रांग कोण लावतो?

कर्नाटकाचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे 2000 सालच्या सुमारास "भूमी" प्रकल्पात जमिनीच्या नोंदी संगणकावर आल्या. तालुक्याच्या ठिकाणी खिडकीवर पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. लोकांना हे दिसलं. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. फेरफाराचे अर्ज "आधी आला, आधी झाला" या क्रमाने हाताळायचे, अशी व्यवस्था त्या प्रणालीत होती. रांग कर्मचाऱ्याने लावायची नाही, यंत्राने लावायची. मनमानीच्या मुळावर घाव घालायचा तो असा.

आपल्याकडेही डिजिटल सहीचा सातबारा आता पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. त्या एका कागदासाठी हेलपाटे वाचले, हे मान्य करायला हवं. वारसाचा अर्जही "ई-हक्क" प्रणालीतून करता येतो. पण उतारा देणं यांत्रिक काम आहे, नोंद मंजूर करणं माणसाचं. जिथे यंत्र आलं तिथून चिरीमिरी हटली, की ती जिथे अजून माणसाची सही लागते तिथे जाऊन बसते. शिवाय ज्याला ऑनलाइन अर्ज जमत नाही, त्याच्यासाठी नवा मध्यस्थ उभा राहतो. म्हणून "सगळं ऑनलाइन केलं की झालं" हे पुरेसं उत्तर नाही.

कायदा आहे, घड्याळही आहे

आता एक गोष्ट सांगतो, जी फार थोड्यांना ठाऊक असते. विलंबाविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. नाव लांबलचक : शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, 2005. त्याच्या कलम 10 प्रमाणे साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. न्यायप्रविष्ट वगैरे काही बाबी वगळल्या आहेत. जाणूनबुजून किंवा सवयीने उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. बघा, "सहा महिने थांब" असं म्हण सांगते, आणि कायदा सांगतो सात दिवस!

त्याच कायद्यात बदल्या का आल्या? कारण दोन्हींचं नातं आहे. ज्याने मोक्याची जागा मिळवायला पैसे मोजले, तो ते वसूल कुठून करणार? खिडकीवरच्या बाईकडूनच. म्हणून नेमणुकीचा साधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला बदलीचा धाक राहू नये, हाही हेतू त्यात आहे.

त्यानंतर आला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. यात अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क झाला. अर्जाला विशिष्ट क्रमांक द्यायचा. सेवा नाकारली तर लेखी कारण द्यायचं. त्याच विभागात पहिलं आणि दुसरं अपील, आणि त्यापुढे लोकसेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय कसूर झाली, तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. रक्कम लहान आहे, पण ती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते. सेवांची यादी आणि मुदती कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की आधी तो फलक शोधा.

मग इतके कायदे असून काम का अडतं? माझं उत्तर दोन अक्षरांचं आहे : पोच.

सगळ्या मुदती अर्ज मिळाल्यापासून सुरू होतात. अर्ज तोंडी घेतला, टेबलावर ठेवून घेतला, "नंतर देतो पोच" म्हटलं, की कायद्याच्या लेखी अर्जच आलेला नाही. घड्याळ सुरूच झालं नाही. गंमत बघा, 1966 च्या त्या कलम 149 मध्येसुद्धा तलाठ्याने ताबडतोब लेखी पोच द्यावी असं म्हटलेलं आहे. म्हणजे हा हक्क जुना आहे. आपण तो मागत नाही, कारण मागितलं तर साहेबांना राग येईल असं वाटतं. पहिली लढाई लाचेची नाही, पोचपावतीची आहे.

दुसरा भ्रष्टाचार, जिथे तक्रारदारच नसतो

आतापर्यंत बोललो ते अडवणुकीबद्दल. तिथे निदान एक दुखावलेला माणूस असतो. पण दुसरा प्रकार संगनमताचा. कंत्राटदार आणि अधिकारी दोघे खूश, आणि निकृष्ट रस्त्यावर नुकसान तिसऱ्याचं. तिथे तक्रार कोण करणार? ज्याचं नुकसान झालं त्याला ते कळलेलंच नसतं.

इथे उपयोगी पडते माहिती. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया सुरू केल्या. करायचं काय, तर सरकारी कामाची हजेरीपत्रकं आणि बिलं मिळवायची आणि गावासमोर मोठ्याने वाचायची. वाचताना लोकच सांगू लागले, हा माणूस तर कामावर नव्हता, हा तर मेलेला आहे, ही भिंत तर बांधलीच नाही. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. महाराष्ट्रात 2003 मध्ये अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आझाद मैदानावर उपोषण केलं. या सगळ्यातून 2005 चा केंद्रीय कायदा आला. आज दहा रुपये शुल्कात अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि विनाकारण टाळलं तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

अडवणुकीला उत्तर घड्याळ, संगनमताला उत्तर उजेड. ही दोन औषधं वेगळी आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : लाच मागितली आणि नाइलाजाने दिली, तर देणाराही गुन्हेगार होतो का?

उत्तर : 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. पण ज्याला भाग पाडलं गेलं, त्याने सात दिवसांत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे कळवलं, तर त्याला संरक्षण आहे. आणि देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवून सापळ्यात मदत केली, तरीही तो गुन्हेगार ठरत नाही. महाराष्ट्रात 1064 हा टोल-फ्री क्रमांक आहे. आधी मागणीची पडताळणी होते, मग पंचांसमोर नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. ज्याने नोटा हाताळल्या त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. म्हणून "आता आपण काहीच करू शकत नाही" असं समजू नका.

प्रश्न : पण तक्रार केली तर उद्या त्याच कार्यालयात पुन्हा जायचं असतं. ते सूड घेतील, त्याचं काय?

उत्तर : ही भीती खोटी नाही, आणि मी तुम्हाला एकट्याने शूर व्हा असं सांगणार नाही. एकटा माणूस सापडतो. म्हणून पाच-सात जणांनी एकत्र जा. गावात ज्यांच्या नोंदी अडल्या आहेत त्यांची यादी करा, एकाच दिवशी अर्ज द्या, प्रत्येकाची पोच घ्या. भांडण नको, आवाज चढवायला नको. सात पोचपावत्या असल्या की कोणाचा अर्ज आधी आला आणि कोणाचं काम आधी झालं, हे कागदावर दिसायला लागतं. कामात प्रामाणिक असलेल्या कर्मचाऱ्यालाही याची मदतच होते. वरून दडपण आलं तर तो त्या तारखा दाखवू शकतो.

प्रश्न : मग सामान्य माणसाने उद्यापासून नेमकं काय करायचं?

उत्तर : तीन गोष्टी. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, फलकावरची मुदत लिहून ठेवा. मुदत उलटली की दुसऱ्याच दिवशी पहिलं अपील. आणि ज्यांना हे लिहिणं जमत नाही अशा शेजारच्या एका माणसाला ते लिहून द्या. त्या दोन एकरवाल्या बाईला व्याख्यानाची गरज नाही, तिला तारीख घातलेल्या एका कागदाची गरज आहे. तो लिहायला आपल्याला दहा मिनिटं लागतात.