शोधक दुर्बीण जुळवताना

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मित्राची सहा इंची आरशाची दुर्बीण मोटारसायकलवर बांधून मी कऱ्हेकाठच्या आमच्या गावी नेली आणि "आज शनीची कडी दाखवतो" म्हणून सारी आळी अंगणात जमवली. दक्षिणेला शनी नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. दुर्बिणीत मात्र काळोखाशिवाय काही सापडेना. तासाभरात एकेक जण उठून गेला. "मला म्हातारीला कुठला दिसतोय शनी!" म्हणत आजीही आत गेली.

चूक दुर्बिणीची नव्हती, माझी होती. मोठ्या नळीच्या पाठीवर जी छोटी नळी असते ती शोधक दुर्बीण. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की वस्तू ४८ पट मोठी दिसते. पण आकाश दिसते जेमतेम एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढेच. सहा पटीच्या शोधकात मात्र सुमारे सात अंश दिसतात. ग्रह आधी शोधकातल्या तारांच्या फुलीवर आणायचा, की तो मोठ्या दुर्बिणीत सापडतो. अट एकच, दोन्ही नळ्यांची दिशा एक हवी. आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांनी ती बिघडली होती.

ही जुळणी दिवसाउजेडी करावी. दुसऱ्या दिवशी मी दोनेक किलोमीटरवरचे साखर कारखान्याचे धुराडे निवडले. जवळचा विजेचा खांब चालत नाही. दोन नळ्यांत वीतभर अंतर असल्याने ५० मीटरवरच्या खांबाला सुमारे पाव अंशाची चूक राहते. आधी मोठ्या दुर्बिणीत धुराड्याचे टोक मधोमध आणून ती घट्ट केली. मग शोधकाच्या तीन स्क्रूंपैकी एक सैल, दुसरा घट्ट करीत फुली त्याच टोकावर आणली. चित्र उलटे दिसते, त्याने गोंधळू नये. नंतर जास्त शक्तीची नेत्रिका लावून हेच पुन्हा केले. हे करताना दुर्बीण सूर्याकडे चुकूनही वळवू नये. डोळा कायमचा जाईल.

रात्री ध्रुवावर खात्री केली. आपल्याकडे तो उत्तरेला सुमारे १८ अंशांवर असतो आणि जवळजवळ हलत नाही, म्हणून सोयीचा.

मग शनी फुलीवर घेतला आणि आजीला बोलावले. ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. "आरं, खरंच कडं हाय की रं त्याला!"

मित्रहो, पाहुणे बोलावण्याआधी धुराडे पाहून घ्या.