झाकणाखालची बॅटरी, डोळ्यांपुढची स्क्रीन

धारवाडहून महामार्गाने बेळगावच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. टाटाच्या बसगाड्या इथे तयार होतात. याच रस्त्यावर, वाल्मी या जल-भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात, २०१६ साली आयआयटी धारवाडचे पहिले वर्ग भरले. पुढे संस्था चिक्कमल्लिगवाडच्या स्वतःच्या जागेत गेली. कारखान्यात नोकरीला लागलेला तरुण इंजिनिअर असो की कॉलेजात प्रवेश मिळालेली मुलगी, हुबळीच्या दुकानात लॅपटॉप बघताना दोन प्रश्न हमखास निघतात. काही हजार जास्त देऊन चांगली स्क्रीन घ्यावी का? आणि बॅटरी काढता येत नाही म्हणतात, ते चालेल का?

हे प्रश्न आपण वेगवेगळे विचारतो. यंत्राच्या पोटात मात्र ते एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते कसे, हे पाहताना मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

आधी स्क्रीन. नेहमीच्या एलसीडी स्क्रीनच्या कडेला बारीक पांढऱ्या एलईडींची एक ओळ असते. तिचा प्रकाश एका पारदर्शक पत्र्यातून सगळीकडे सारखा पसरतो आणि मग त्याला दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारे पडदे, ओलांडावे लागतात. दोघांच्या दिशा काटकोनात असतात, म्हणजे मध्ये काही नसतं तर पुढे काळोखच दिसला असता. मध्ये असतो द्रवस्फटिकांचा थर, काही हजारांश मिलिमीटर जाडीचा. विजेचा दाब बदलला की त्यातले रेणू वळतात, रेणू वळले की प्रकाशाची दिशा वळते, आणि तेवढाच प्रकाश दुसऱ्या पोलरायझरमधून बाहेर येतो. हा पदार्थ सापडला तोही गाजरामुळे. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख राइनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवत होता. तो दोनदा वितळला: सुमारे १४५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि सुमारे १७९ अंशांना नितळ. मधली ती गढूळ अवस्था, ना धड घन ना धड द्रव, आज आपल्या मांडीवर आहे.

फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे एकूण ६२,२०,८०० झडपा. प्रत्येक झडपेला स्वतःचा ट्रान्झिस्टर, आणि त्या सगळ्या सेकंदाला निदान साठ वेळा आपली स्थिती ताजी करतात. हे सगळं ओलांडताना प्रकाशाची किती गळती होते पाहा. पहिला पोलरायझर निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, उरलेल्याचा दोन-तृतीयांश रंगांच्या गाळण्या खातात, काही तारा आणि ट्रान्झिस्टर अडवतात. मागच्या दिव्याचा जेमतेम पाच ते दहा टक्के प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो.

फोर-के स्क्रीन बॅटरी जास्त का खाते, याचं उत्तर इथेच आहे. तिच्यात तेवढ्याच जागेत जवळजवळ अडीच कोटी झडपा असतात. ट्रान्झिस्टर आणि तारांनी अडवलेली जागा वाढते, प्रकाशाला वाट कमी उरते, म्हणून मागचा दिवाच प्रखर ठेवावा लागतो. वाचन-लेखनासारख्या हलक्या कामात आख्खा लॅपटॉप सात वॅटच्या आसपास वीज घेतो आणि त्यातला मोठा वाटा स्क्रीनचाच असतो. बॅटरी ५६ वॅट-तासांची असेल तर आठ तास मिळतात. स्क्रीनने दोनच वॅट जास्त मागितले तर तीच बॅटरी सव्वासहा तासांत संपते. म्हणून स्क्रीन निवडतो तेव्हा आपण बॅटरीही निवडत असतो.

ओलेडचा न्याय निराळा. तिथे मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि काळा ठिपका म्हणजे चक्क विझलेला ठिपका. काळ्या पार्श्वभूमीवर कोड लिहिणाऱ्याची वीज वाचते. दिवसभर पांढऱ्या पानावर टाइप करणाऱ्याची उलट जास्त जाते.

आता बॅटरी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी खालची खिटी सरकवली की बॅटरी हातात येई. तिच्यात दंडगोल सेल असत, १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. आजचे कितीतरी लॅपटॉप मिटल्यावर १८ मिलिमीटरही जाड नसतात, म्हणजे तो जुना सेल आत मावणारच नाही. त्याची जागा चपट्या पिशवीसारख्या सेलने घेतली. त्याला पोलादी डबा नसतो, वर ॲल्युमिनियमचा थर दिलेलं पातळ वेष्टन असतं. असा नाजूक सेल ग्राहकाच्या हातात द्यायचा तर त्याला जाड प्लास्टिकची पेटी हवी, आणि पेटीने खाल्लेल्या जागेइतकी वीज कमी. म्हणून लॅपटॉपचं अंगच त्याची पेटी झालं. २००८ सालच्या मॅकबुक एअरने ही वाट धरली आणि हळूहळू बहुतेक बाजार तिकडे वळला. २०१८ सालच्या थिंकपॅड टी४८०मध्ये अजून दोन्ही होतं: एक बॅटरी आत आणि एक मागे, काढता येणारी. मागची बदलत असताना आतली यंत्र चालू ठेवी. मला ती रचना आजही मनापासून आवडते.

या पिशवीत चालतं ते आणखी विलक्षण आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडमधून निघतात आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. वापरताना परत येतात. झोपाळ्यासारखी ही ये-जा शेकडो वेळा होते. आयन शिरले की ग्राफाइट सुमारे दहा टक्के फुगतं, निघाले की ओसरतं. ज्यांच्या कामातून हे घडलं त्या व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ सालचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. असे सेल भारतात बनावेत म्हणून केंद्राने आखलेल्या प्रोत्साहन योजनेत मार्च २०२२मध्ये राजेश एक्स्पोर्ट्स या कंपनीचीही निवड झाली, आणि नियोजित कारखान्यासाठी नाव पुढे आलं ते धारवाडचंच.

पण आयनांच्या या ये-जेत, प्रत्येक फेरीत, थोडे कायमचे अडकून पडतात. पूर्ण भरलेली आणि गरम बॅटरी लवकर म्हातारी होते. दिवसभर चार्जर लावूनच काम करत असाल तर सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा घाला; यासाठी पैसे पडत नाहीत आणि आयुष्य खरोखर वाढतं. टचपॅड वर उचलला गेलेला किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं, तर आत वायू साठला आहे असं समजा. टोचू नका, दाबू नका, यंत्र बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या.

मग पैसे कुठे घालायचे? माझं मत स्पष्ट आहे: स्क्रीनमध्ये. 'न निघणारी' म्हणून सांगितलेली बॅटरी बहुतेक लॅपटॉपांत निघते. खालच्या झाकणाचे स्क्रू, मग एक कनेक्टर, मग बॅटरीचे चार-सहा स्क्रू. तीन-चार वर्षांनी ती बदलायचीच आहे, तो तिचा धर्म आहे. स्क्रीन मात्र सहसा बदलली जात नाही. फुल एचडीच्या पॅनेलला बहुधा ३० पिनांची केबल असते, फोर-के किंवा वेगवान पॅनेलला ४० पिनांची. म्हणजे नुसती काच बदलून भागत नाही. आज घेतलेला फिकटपणा शेवटपर्यंत सोबत राहतो.

चांगली स्क्रीन म्हणजे फोर-के असा मात्र अर्थ नाही. चौदा इंचांवर १९२० गुणिले १२०० ठिपके पुरेसे बारीक दिसतात. पाहायचे ते दुसरेच दोन आकडे. एक उजेडाचा: २५० निट्सची स्क्रीन दुपारी खिडकीपाशी मलूल होते, ४०० निट्सची टिकते. दुसरा रंगांचा: '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेल्या स्क्रीनवर कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो, '१०० टक्के एसआरजीबी'वर तो लालच राहतो. कमी विजेचं पॅनेल मिळत असेल तर तेच घ्या. त्याच मॉडेलला मोठी बॅटरी मिळत असेल तर तीही आधीच घ्या, कारण काही यंत्रांत दोन्ही मापांच्या बॅटऱ्यांची बैठक वेगळी असते.

आणि विकत घेण्याआधी एक तास खर्च करा. डेल, एचपी, लेनोवो यांच्या संकेतस्थळांवर सर्व्हिस मॅन्युअल कुणालाही वाचता येतात. त्यात बॅटरी काढण्याचं पान उघडा. चित्रात नुसते स्क्रू दिसले तर निर्धास्त घ्या; गोंदाच्या पट्ट्या दिसल्या तर दुसरं मॉडेल बघा. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपसारख्या उपकरणांची बॅटरी सर्वसाधारणपणे ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. कंपन्या एकच साचा जगभर वापरतात, त्यामुळे स्क्रूवाली यंत्रं हुबळीच्या दुकानांतही वाढतील अशी मला आशा आहे.