चोच एकाची, बोली दुसऱ्याची
(विजेची चाकं : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात गाडी आपण घरच्या पार्किंगमध्ये रात्रभर चार्जिंगला लावली होती. आज अमेरिकेतल्या हमरस्त्यावर जाऊ. तिथे चार्जर दिसला म्हणून हायसं वाटून चालत नसे, आधी त्याची चोच बघावी लागे. जुन्या निस्सान लीफची चाडेमो, बहुतेक कंपन्यांची सीसीएस-१ आणि टेस्लाची तिसरीच.

सीसीएस-१ म्हणजे जुन्या घराला पडवी काढलेली. वर एसीसाठी पाच पिनांचा गोल, त्याखाली डीसीच्या दोन जाड पिना. फास्ट चार्जिंग चालू असताना वरच्या वीजवाहक पिना नुसत्या बसून असतात. टेस्लाने पडवी काढलीच नाही. तिच्याकडे दोन जाड पिना, एक अर्थिंगची आणि दोन बारीक, निरोपापुरत्या. जाड पिनांतूनच एसीही येते, डीसीही. एसी आली तर गाडी ती आपल्या पोटातल्या चार्जरकडे वळवते, डीसी आली तर थेट बॅटरीकडे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने हा आराखडा सर्वांना खुला केला आणि 'नॉर्थ अमेरिकन चार्जिंग स्टँडर्ड' असं त्याचं बारसंही स्वतःच उरकलं! मे २०२३ मध्ये फोर्ड आली, जूनमध्ये जनरल मोटर्स, मग रांगच लागली. प्लगच्या देखणेपणापेक्षा टेस्लाच्या हजारो सुपरचार्जरचा मोह मोठा होता, असं मला वाटतं. पुढे अभियंत्यांच्या एसएई संस्थेने त्याला जे३४०० हा क्रमांक दिला, तेव्हा कुठे तो एका कंपनीच्या मुठीतून सुटला.

'टेस्ला जिंकली' अशा बातम्या झाल्या. ते अर्धंच खरं. प्लग बसल्याबरोबर वीज वाहू लागत नाही. व्होल्ट किती, अँपिअर किती, बॅटरीला झेपेल किती, हे गाडी आणि चार्जर आधी आपसांत बोलून घेतात. जुने सुपरचार्जर टेस्लाच्या घरच्या बोलीत बोलत. नव्या मानकाने आकार टेस्लाचा घेतला, बोली मात्र सीसीएसची. म्हणूनच फोर्डवाला अ‍ॅडॉप्टर घेऊन जुन्या सुपरचार्जरपाशी गेला, तर चोच बसते आणि संभाषण होत नाही.

संभाषण जुळलं तरी केबल पुरेलच असं नाही. टेस्लाचं चार्जिंगचं तोंड मागे डावीकडे, केबलही त्याच बेताने आखूड ठेवलेली. ज्यांचं तोंड पुढच्या चाकाजवळ, ते शेजारची जागा अडवून उभे राहतात आणि मागून येणाऱ्याची बोलणी खातात.

हा प्लग युरोपात का नाही? तिकडे एसी चार्जिंग थ्री-फेजवर सर्रास चालतं, आणि दोन जाड पिनांत तीन फेज मावत नाहीत. म्हणून तिथल्या टेस्लालाही सीसीएस-२ घ्यावा लागला. आपल्याकडच्या मोटारींनीही तोच धरला आहे. स्कूटरवाल्यांचा संसार मात्र निराळा, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात.