केईएमची बातमी आणि तिच्यामागची अट

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव देशभर झालं. पण मला त्याआधीची साठ वर्षं महत्त्वाची वाटतात. १९२६ साली केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं. देणगीदारांची अट होती, शिकवणारे भारतीयच हवेत! कारण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत वरच्या जागा बहुतेक इंग्रजांकडे असत. आपल्याकडे बुद्धी होती, संधी नव्हती. म्हणजे बघा, कर्तृत्व नंतर दिसतं. विश्वास आधी टाकावा लागतो. तुम्हा राळेगणकरांना हे काय सांगायचं? पीक सगळ्यांना दिसतं, पण पाणी आधी कुणीतरी अडवलेलं असतं.