शब्दांचाही सातबारा काढून बघा

रविवारी सायंकाळी आमच्या वस्तीतील बुद्धविहारात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली बसतात. कोर्टाच्या कामातून वेळ काढून मी त्यांना इंग्रजी शिकवायला जातो. एकदा एका मुलीने इंग्रजी वर्तमानपत्रातील मथळा पुढे केला. कुठल्याशा देशाला त्यात 'परिया स्टेट' म्हटले होते. मागून एक मुलगा म्हणाला, "सोपे आहे, हिंदीतला पराया!" पण मुलीने शब्दकोश उघडलेला होता. ती म्हणाली, "सर, इथे 'समाजाने बाहेर टाकलेला माणूस' असा अर्थ दिलाय. पण हा शब्द इंग्रजांकडे आला कुठून?"

वाचकहो, जमिनीचा व्यवहार करताना आपण सातबारा बघतो. शब्द वापरताना मात्र त्याचा मूळ मालक कोण, त्यावर कोणाचा बोजा आहे, हे कोणी बघत नाही. म्हणून त्या मुलीचा प्रश्न मला मोलाचा वाटला.

'परिया' हा शब्द तमिळनाडूतला. 'परै' म्हणजे चामड्याचे वाद्य. आपल्याकडे हलगी, तशी तिकडे परै. ती वाजवणारे ते परैयर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात शिरला. पुढे गोऱ्या साहेबांनी दक्षिणेतील सगळ्याच अस्पृश्यांना 'परिया' म्हणायला सुरुवात केली. गल्लीतल्या बेवारस कुत्र्यालाही ते 'परिया डॉग' म्हणू लागले. १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश निघाला. ही एक मोठी जात आहे आणि युरोपीय लोक शब्द चुकीच्या अर्थाने वापरतात, हे त्या कोशाने नोंदवले. पण तोवर शब्द जगभर गेला होता. फ्रान्समध्ये १८२१ साली 'परिया' नावाचे नाटक रंगमंचावर आले. मॅक्स वेबरसारख्या समाजशास्त्रज्ञाने ज्यूंसाठी 'परिया लोक' ही संज्ञा वापरली.

म्हणजे काय झाले? कष्ट करणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या एका जिवंत समाजाचे नाव जगाच्या भाषेत 'टाकून दिलेला' या अर्थाची शिवी होऊन बसले. आज एखादा संपादक मोठ्या देशाच्या हुकूमशहाला 'परिया' म्हणतो, तेव्हा त्याला वाटते आपण हुकूमशहाचा अपमान केला. प्रत्यक्षात अपमान होतो तो परै वाजवणाऱ्याचा!

येथे आणखी एक गंमत सांगतो. इंग्रजीत 'आउटकास्ट' असे दोन शब्द आहेत, उच्चार एकच. पहिला जुना, 'बाहेर फेकलेला' या अर्थाचा. त्यातला 'कास्ट' म्हणजे फेकणे. त्याचा जातीशी काही संबंध नाही. दुसऱ्या शब्दातला 'कास्ट' म्हणजे जात. तो आला पोर्तुगीज 'कास्टा'वरून. कास्टा म्हणजे वंश, कुळी. १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांनी इथल्या जातींना आपला हा शब्द लावला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांनी उचलला. दोन शब्दांचा काडीचाही संबंध नसताना दोघांचा अर्थ शेवटी एकाच जागी येऊन थांबला. जात आणि फेकून देणे यांची गाठ कोशातसुद्धा सुटली नाही!

आता दुसरा शब्द घेऊ. 'बॉयकॉट'. हे एका माणसाचे आडनाव आहे, हे किती जणांना ठाऊक असते? कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पिके बुडालेली, कुळे खंड कमी करा म्हणून विनवीत होती. बॉयकॉटने त्यांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. १८७९ साली मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने लँड लीग स्थापन झालेली होती. तिचे अध्यक्ष पार्नेल यांनी सप्टेंबर १८८० मध्ये एनिस येथील सभेत सांगितले की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्यावर हात उगारू नका, पण त्याच्याशी सगळे व्यवहार तोडा.

हे हत्यार लवकरच बॉयकॉटवर चालले. घरगडी काम सोडून गेले, शेतमजूर येईनात, लोहार घोड्याला नाल ठोकीना, दुकानदार सामान देईना. उभे पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज आहे. १ डिसेंबर १८८० रोजी बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

या प्रकाराला नाव काय द्यायचे? जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने हकीगत लिहून ठेवली आहे. त्याने फादर ओमॅली या धर्मगुरूला विचारले. इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' हा शब्द होताच. पण तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, त्यापेक्षा 'बॉयकॉट करणे' म्हणू, असे फादरने सुचवले. हा 'ऑस्ट्रसाइज'ही मुळात खापराचा शब्द. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापरावर नाव कोरून मत देत आणि ज्याच्यावर गदा येई त्याला दहा वर्षे नगराबाहेर जावे लागे. पण त्याची मालमत्ता शाबूत राही आणि मुदत संपली की तो मानाने परत येई. आपल्या बापजाद्यांच्या वाट्यालाही मडके आले होते, तेही थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात बांधायला. पेशवाईतील पुण्याची ही हकीगत बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवली आहे. त्या शिक्षेला दहा वर्षांची मुदत नव्हती.

दोन शब्द शेजारी ठेवून बघा. 'परिया'मध्ये पीडितांचे नाव शिवी झाले. 'बॉयकॉट'मध्ये जुलूम करणाऱ्याचे नाव शिवी झाले. फरक कशाने पडला? आयर्लंडच्या कुळांकडे संघटना होती आणि आपला शब्द आपण घडवायचा हे भान होते.

हे भान आपल्याकडेही जागे झालेच. मद्रासमध्ये पंडित अयोथी दास यांनी 'परैयर' हे नाव शत्रूने लादलेले म्हणून नाकारले, आम्ही मूळचे बौद्ध आहोत असे सांगितले आणि १८९८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच शहरात रेट्टमलै श्रीनिवासन यांनी वेगळी वाट धरली. १८९३ साली त्यांनी पत्र काढले आणि त्याचे नावच 'परैयन' ठेवले. ज्या नावाने हिणवता, तेच छातीवर लावून उभे राहू! १९२७ साली बाबासाहेबांनी पत्र काढले तेव्हा नाव ठेवले 'बहिष्कृत भारत'. रीत तीच.

आणि हे दोघे १९३० च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून एकत्र बसले. तिथे त्यांनी जो संरक्षणाचा मसुदा दिला, त्यात एक मागणी होती की, बहिष्कार हा गुन्हा ठरवा. त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यातील व्याख्या आधाराला घेतली होती. आयर्लंडच्या शेतकऱ्याने जमीनदारावर उगारलेले हत्यार भारतातल्या गावात जमीनदाराच्या हाती होते! अस्पृश्याने हक्क मागितला की वाट बंद, मजुरी बंद, दुकान बंद. मुंबई इलाख्यातील स्टार्ट समितीने त्याच वर्षीच्या अहवालात हे नोंदवले होते आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते.

त्या मागणीला फळ यायला किती वर्षे लागली? ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा कलम ३(१)(झेडसी) खाली गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने आपल्याच जातीतील कुटुंबाला वाळीत टाकले तरी तो लागतो.

कायदा आला, पण शब्द अजून आपल्या माणसांच्या हाती आलेला नाही, हे मी रोज बघतो. माणूस येतो आणि सांगतो, "साहेब, गिरणीवाला दळण घेत नाही, किराणा देत नाहीत, शेतावर बोलावत नाहीत." ठाण्यात त्याला ऐकवलेले असते, "कोणी कोणाशी बोलावे, हे आम्ही कसे ठरवणार?" तोही अर्जात 'गावकरी त्रास देतात' एवढेच लिहून परत येतो. त्रास म्हटले की तक्रार किरकोळ होते. म्हणून लिहावे 'सामाजिक व आर्थिक बहिष्कार'. कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, कोणी, कोणासमोर नकार दिला हे ओळीने लिहावे. दवंडी, बैठक, ठराव झाला असेल तर त्याचा दिवस लिहावा. कायद्याच्या व्याख्येत बसणारा शब्द अर्जात असला की तो बाजूला सारणे सोपे राहत नाही.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, परीक्षेत 'परिया'चा अर्थ विचारला तर कोशातला लिही, मार्क घे. पण उद्या अधिकारी होऊन खुर्चीत बसलीस की तुझ्या टिपणीत तो शब्द येऊ देऊ नकोस. आणि दळण नाकारलेला माणूस अर्ज घेऊन समोर आला, तर त्याच्या 'त्रास' या शब्दाखाली कोणता शब्द दडला आहे, तो तू वाच.