डबा तोच, कारभार नवा : घरच्या राउटरचं फर्मवेअर बदलताना

(निगडी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय अगदी घरातला आहे. टीव्हीच्या मागे नाहीतर चपलांच्या कपाटावर एक डबा असतो, त्याला दोन-चार अँटेना असतात. नेट अडकलं की घरातलं कुणीतरी उठतं, डबा बंद करतं, दहापर्यंत मोजतं, चालू करतं. नेट येतं. संध्याकाळी पुन्हा तेच. दोन महिने असं झालं की आपण म्हणतो, राउटर गेला, नवा आणू. आमचं म्हणणं असं की पुष्कळदा राउटर गेलेला नसतो. आतला कारभार बिघडलेला असतो, आणि तो बदलता येतो.

बंद-चालू केल्यावर का चालतं?

राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. त्यात प्रोसेसर आहे, कामापुरती मेमरी म्हणजे रॅम आहे, आणि वीज गेली तरी पुसली न जाणारी फ्लॅश मेमरी आहे. या फ्लॅशमध्ये जे सॉफ्टवेअर बसवलेलं असतं ते फर्मवेअर. घरातला प्रत्येक मोबाईल, टीव्ही, कॅमेरा बाहेर जितक्या जोडण्या करतो, त्या सगळ्यांची नोंद राउटर एका तक्त्यात ठेवतो. फर्मवेअर नीट लिहिलेलं नसेल तर जुन्या नोंदी साचतात, रॅम भरत जाते आणि डबा गुदमरतो. वीज बंद केली की रॅम रिकामी होते, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. दुखणं मात्र फ्लॅशमध्ये तसंच राहतं.

पण थांबा. फर्मवेअरला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, अ‍ॅडॅप्टर. तीन-चार वर्षांत त्यातले कपॅसिटर म्हातारे होतात, १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर ओझं पडलं की खाली येतो आणि राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. दुसरी, बाहेरून येणारी लाइन. लॅपटॉप केबलने थेट लाइनला जोडून दिवसभर चालवून बघा. तिथेही नेट तुटत असेल तर राउटरला हात लावून उपयोग नाही.

भोसरीत हे रोज चालतं

आपल्या पट्ट्यातल्या लोकांना ही कल्पना नवी नाही. भोसरीत, चाकणला वीस वर्षांचं सीएनसी मशीन असतं. बेड ठणठणीत, स्पिंडल चांगला, पण कंट्रोलर जुना. कंपनीने त्याचे पार्ट देणं बंद केलेलं. मालक काय करतो? मशीन भंगारात घालत नाही. रेट्रोफिट करतो. लोखंड तेच, कंट्रोल नवा. राउटरचं फर्मवेअर बदलणं म्हणजे हेच रेट्रोफिट. फरक इतकाच की इथला नवा कंट्रोल जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलाय आणि तो फुकट आहे.

हे आलं कुठून?

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. २००३ च्या जूनमध्ये काही जाणकारांच्या लक्षात आलं की याच्या आत लिनक्स आहे. लिनक्स जीपीएल परवान्याखाली येतं. त्याची अट साधी आहे : हे सॉफ्टवेअर घालून वस्तू विकलीत, तर त्याचा मूळ सोर्स कोडही मागणाऱ्याला द्या. मशीनबरोबर ड्रॉइंग द्यायचं, म्हणा ना. सिस्कोने तेव्हा नुकतीच लिंक्सिस विकत घेतली होती. दबाव आला आणि कंपनीने कोड खुला केला. त्याच्या आधारावर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. पुढे डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो हे त्याच घराण्यातले.

गंमत पुढेच आहे. २००५ मध्ये त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढलं गेलं आणि मेमरी कमी करण्यात आली. पण लिनक्सवाल्या डब्याला मागणी इतकी होती की कंपनीला डब्ल्यूआरटी५४जीएल असा वेगळा राउटर काढावा लागला.

ओपनडब्ल्यूआरटीतही सगळं सुरळीत नव्हतं. २०१६ मध्ये मतभेद झाले, काही मंडळींनी लीड नावाची वेगळी चूल मांडली, आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाल्या. आज घरच्या राउटरसाठी सुरुवात करायची तर आम्ही ओपनडब्ल्यूआरटीच सुचवू, म्हणून पुढचं बोलणं त्याच्याविषयीच.

नुसतं नेट अडकणं हा प्रश्न नाही

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम एकाएकी बंद पडले. कर्नाटकात त्याचा मोठा फटका बसला. शिरकाव झाला तो अशा मोडेममध्ये, ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच होता. पुढच्या वर्षी, मे २०१८ मध्ये, व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर उघडकीला आलं. ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं त्याने पोखरली होती. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सांगितलं, राउटर रीस्टार्ट करा. त्याने मालवेअरचा काही भाग जायचा, पण पहिला टप्पा फ्लॅशमध्ये घट्ट बसलेला राहायचा.

यातून काय घ्यायचं? बँकेचा व्यवहार, मुलांचे वर्ग, दारावरचा कॅमेरा, सगळं या एका डब्यातून जातं. स्वस्त राउटर बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांत कंपनी त्याचे अपडेट पुष्कळदा थांबवते. डबा चालू राहतो, त्याची राखण मात्र कुणी करत नाही. लोकसमूहाचं फर्मवेअर घेण्याचं खरं कारण हे आहे : कंपनीने सोडून दिलेल्या डब्यालाही दुरुस्त्या मिळत राहतात.

रांगेचा प्रश्न

दुसरा फायदा रोज जाणवतो. घरात कुणी मोठी फाइल वर चढवत असेल तर त्याच वेळी दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटतो. स्पीड भरपूर असूनही. असं का? सोमाटणे टोल नाक्यावर ट्रकची रांग लागलीय आणि मागे रुग्णवाहिका अडकलीय, असं समजा. राउटर डेटाची पाकिटं रांगेत उभी करतो. रांग फार लांब ठेवली की कॉलचं छोटं पाकीटही ट्रकांच्या मागे ताटकळतं. याला बफरब्लोट म्हणतात.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. पाकीट रांगेत किती वेळ थांबलं हे ती बघते आणि रांग फुगू देत नाही. तिच्यावर आधारलेल्या एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती ओपनडब्ल्यूआरटीत मिळतात. लाइनच्या खऱ्या स्पीडपेक्षा पाच-दहा टक्के कमी आकडा घालून केक चालू केलं की कॉल तुटणं बरंच थांबतं. मात्र याला प्रोसेसरची ताकद लागते. ३०० एमबीपीएसची लाइन आणि जुना राउटर असेल तर स्पीड घटेल, हे आधीच सांगतो.

कुठल्या डब्यावर चालेल?

इथे घाई केली की घात होतो. डबा उलटा करून मागचं लेबल वाचा. मॉडेलच्या नावाइतकाच महत्त्वाचा असतो हार्डवेअर व्हर्जन, म्हणजे ‘व्ही २’, ‘व्ही ३’ असं जे बारीक छापलेलं असतं ते. नाव एकच असलं तरी व्हर्जन बदललं की आतली चिपही बदललेली असू शकते. ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत तुमचं नाव आणि व्हर्जन तंतोतंत जुळलं पाहिजे.

दुसरं, मेमरी. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूआर८४१एनच्या बहुतेक व्हर्जनमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे. अशा डब्यांना जागा देणारी ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची आवृत्ती १९.०७, आणि तिची देखभाल २०२२ मध्ये थांबली. तिथे रेट्रोफिटचा आग्रह धरू नका. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तर निर्धास्त. तिसरं, चिप. मीडियाटेक आणि क्वालकॉम अ‍ॅथेरॉस बहुधा चांगल्या चालतात. ब्रॉडकॉमचे वायफाय ड्रायव्हर बंदिस्त असल्याने तिथे अडतं.

प्रत्यक्ष काम

आधी तयारी. केबलवाल्याने दिलेलं पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्या. सध्याच्या सेटिंगचे फोटो काढा. कंपनीचं मूळ फर्मवेअरही उतरवून ठेवा, परत जायची वेळ आली तर हाताशी असावं.

फाइल दोन प्रकारची असते. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना ‘फॅक्टरी’, आणि नंतर ओपनडब्ल्यूआरटीवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना ‘सिसअपग्रेड’. उतरवलेल्या फाइलचा चेकसम संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. वायफायवरून हे काम करू नका, लॅपटॉप केबलनेच जोडा. फ्लॅश लिहिली जात असताना वीज गेली तर डबा मुका होऊ शकतो. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, तेव्हा हा उद्योग गुरुवारी नको. शक्य असेल तर राउटर यूपीएसवर ठेवा.

नवं फर्मवेअर चढलं की वायफाय दिसणार नाही. घाबरू नका, सुरुवातीला ते बंदच ठेवलेलं असतं आणि पासवर्डही नसतो. केबलने आत जा, पहिल्यांदा पासवर्ड ठेवा, मग वायफाय सुरू करा. देशाच्या जागी भारत निवडा, म्हणजे आपल्याकडे परवानगी असलेल्या चॅनेल आणि ताकदीच्या मर्यादेतच राउटर राहील. सेटिंगमध्ये काही गोंधळ झाला तर फेलसेफ मोड आहे. मूळ फर्मवेअर वेगळ्या, न बदलणाऱ्या भागात असतं आणि तुमचे बदल त्याच्यावरच्या थरात. तो थर पुसला की डबा पुन्हा कोरा.

श्रोत्यांचे प्रश्न

*यमुनानगरच्या एका काकांनी विचारलं : आमच्याकडे फायबर आहे. कंपनीने दिलेल्या डब्यावर हे चालेल का?*

काका, त्याला हात लावू नका. तो डबा प्रकाशाच्या सिग्नलचं रूपांतर करतो, कंपनी तो लांबून सांभाळते आणि बहुधा मालकीही तिचीच असते. तो तसाच ठेवा आणि त्याच्या मागे आपला राउटर जोडा. कंपनीला तो ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा. नाही म्हणाले तरी नेट चालतं, फक्त बाहेरून घरचा कॅमेरा बघणं जरा अवघड जातं.

*एका ताईंचा प्रश्न : नवा राउटर लावला तर केबलवाल्याचं नेट चालत नाही, असं का?*

बरेच स्थानिक केबलवाले लाइन एका मॅक पत्त्याशी बांधतात. जुन्या डब्याच्या लेबलवरचा मॅक पत्ता नव्यात घाला किंवा त्यांना फोन करून नवा नोंदवून घ्या. त्याच डब्याचं नुसतं फर्मवेअर बदललं असेल तर ही अडचण सहसा येत नाही.

*आणि वॉरंटी?*

ती गेली असंच धरून चाला. म्हणून आमचा सल्ला असा : पहिला प्रयोग घरात पडून असलेल्या, वॉरंटी संपलेल्या डब्यावर करा. चालू राउटर तोवर जागेवर राहू द्या. नवा आठवडाभर न अडता चालला, की मग अदलाबदल करा.