दोन सुया, एक दोरा

चामड्याला पहिल्यांदा हात लावणाऱ्याने बॅगेच्या वाटेला जाऊ नये. आधी कार्ड ठेवायचे पाकीट करावे. बँकेचे कार्ड 85.6 मिलिमीटर लांब आणि 54 मिलिमीटर रुंद असते, म्हणून दहा बाय सात सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात. खिसा एकच आणि शिवण तीन बाजूंनी. एवढ्याशा कामात मापणे, कापणे, भोके पाडणे, शिवणे आणि कडा घोटणे हे सगळे येते.

चामडे मात्र विचारून घ्यावे. बाजारातले बहुतेक चामडे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ आणि लवचीक असते, पण त्याची कड घोटली जात नाही. नवख्याने झाडपाल्याने कमावलेले, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचे चामडे मागावे. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात कातडे मुरवायची ही रीत कोल्हापुरी चपलेमुळे आपल्या ओळखीची आहे. धारावीत सायन-वांद्रे जोडरस्त्यावर चामड्याच्या वस्तूंची दुकाने ओळीने आहेत. तिथल्या गल्ल्यांत चौकशी केली तर कापून उरलेले तुकडेही मिळतात. पोटाकडचा तुकडा ताणला जातो, तेव्हा पाठीकडचा निवडावा.

कापायला रापी असेल तर उत्तम, नाहीतर पोलादी पट्टी आणि धारदार कटर. एका दमात आरपार कापू नये, त्याच रेघेवरून दोन-तीनदा हलके फिरवावे. पुढच्या तुकड्याला वर अंगठा जाईल एवढी अर्धगोल खाच ठेवावी. दोन्ही तुकड्यांच्या खरखरीत बाजूंना, फक्त कडेलगत, रबर सोल्युशन लावावे. ते सुकत आले की तुकडे एकमेकांवर दाबून बसवावेत. कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत रेघ ओढावी आणि तिच्यावर दाताच्या पंचाने भोके पाडावीत. हातोडा लाकडी घ्यावा, लोखंडी हातोड्याने पंचाचे डोके खराब होते.

आता शिवण, आणि या कामाचा खरा जीव तिच्यातच आहे. दोरा मेण लावलेला हवा आणि शिवणीच्या लांबीच्या चौपट हवा. इथे शिवण चोवीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक मीटर दोरा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची आणि पहिल्या भोकातून दोरा मधोमध येईल असा ओढायचा. पुढच्या प्रत्येक भोकातून आधी एक सुई इकडून, मग दुसरी तिकडून जाते. कोणती आधी, हे एकदा ठरले की शेवटपर्यंत बदलायचे नाही, त्यानेच टाके एका कलाने पडतात. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यात घुसू द्यायची नाही. शेवटी दोन्ही टोके एकाच वेळी, सारख्या जोराने ओढायची.

यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या आत एकमेकांत फक्त अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडतात. हाताच्या या शिवणीत एका बाजूचा टाका झिजून तुटला, तरी त्याच भोकातून गेलेले दुसरे टोक जोड धरून ठेवते. घोड्याच्या खोगिरासाठी हीच शिवण वापरत. 1837 मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचे साज करणारा कारखाना म्हणून सुरू झालेली एर्मेस आजही आपल्या बॅगा याच टाक्याने शिवते.

पॅरिसमध्ये या हातांना मान मिळाला. आपल्याकडे गावाची शेती चामड्याच्या मोटेवर भिजली, पण ती मोट शिवणाऱ्यांना आणि कातडे कमावणाऱ्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही. आज शहरांत चामडेकाम छंद म्हणून शिकवले जाते याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिकणाऱ्याने एकदा तरी कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांसमोर बसून आरी कशी धरतात ते बघावे, त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि आपल्याला कोणी शिकवले हे चारचौघांत सांगावे.

शिवण संपताना दोन टाके उलटे घालून दोरा चामड्यालगत कापावा. कडांवर बारीक पॉलिश पेपर फिरवावा, किंचित पाणी लावावे आणि जाड सुती कापडाने जोरात घासावे. तंतू दाबले जाऊन कड काळसर, चकचकीत होते. काही वर्षांनी दोरा झिजलाच, तर तो उसवून त्याच भोकांतून नवा घालावा. भोके पुन्हा पाडावी लागत नाहीत.